एकशे तेरानंतर थेट एकशे सोळा

घरात मला भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी लागलेली पोर म्हणून आई आधी चिडून म्हणायची, मग दादाने ते नावच करून टाकलं, आणि आता कुरिअरवालासुद्धा दारात उभा राहून "भिंगरीताई आहेत का?" असं विचारतो. राग येतो, पण खोटं कुठे आहे? बाविसाव्या वर्षापर्यंत मी कॉलेज दोन वर्षं करून सोडलं, टायपिंग सोडलं, पोहणं सोडलं. चष्म्याच्या दुकानात तीन आठवडे गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमा ठेवून बघितल्या, तेही सोडलं. एक ना धड भाराभर चिंध्या, हे आईचं ठरलेलं वाक्य. आई दवाखान्यात परिचारिका आहे आणि सव्वीस वर्षं एकाच वॉर्डात आहे. तिला कंटाळा कसा येत नाही हे मला कळत नाही, आणि मी कुठेच का टिकत नाही हे तिला कळत नाही. आमचं भांडण त्यावरच असतं, बाकी आम्ही बऱ्या आहोत.

संस्थेत मी सेवाबिवा करायला गेले नव्हते. एका नोकरीच्या अर्जात 'स्वयंसेवेचे शंभर तास' असा रकाना होता आणि त्याचं प्रमाणपत्र हवं होतं. दादा म्हणाला, "शंभर तास? तू शंभर मिनिटं एका खुर्चीत बसून दाखव." मग मी गेलेच.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, एवढीच संस्था. बाहेरच्या खोलीत लांब टेबल, सात खुर्च्या, त्यातली एकही धड चार पायांवर उभी नाही, चहाचा थर्मास आणि भिंतीवर कुणाची कधी पाळी त्याचा तक्ता. आतल्या खोलीच्या भिंतींना आवाज अडवायला जाड रजया ठोकलेल्या. तिथे माइकसमोर बसून आम्ही दृष्टिहीन लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचो. परीक्षा आल्या की त्यांच्याबरोबर लेखनिक म्हणून बसायचो. ते तोंडाने उत्तर सांगणार, आम्ही कागदावर उतरवणार. आम्ही म्हणजे माझ्याच वयाची दहाबारा टाळकी: कुणी कॉलेजातलं, कुणी नोकरी शोधणारं, कुणी नोकरी शोधायचा कंटाळा आलेलं.

ह्या सगळ्यांना हाकणारे नाना. आयुष्यभर त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. चाळीस वर्षं लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका काढलेला माणूस, पण आम्हाला पहिल्या दिवशी काय सांगितलं? "इथे चुका सुधारायच्या नाहीत. पुस्तकात चूक छापलेली असली तर चूक वाचायची. परीक्षेत समोरच्याने चूक सांगितली तर चूक लिहायची. आपण फक्त डोळे आणि हात. डोकं खाली सायकलवाल्याकडे ठेवून वर यायचं."

हे मी घरी सांगितलं तर दादा म्हणाला, "मग तुझी निवड पक्कीच."

वाचायला मला आवडायचं असं नाही. रजयांमुळे खोलीत गुदमरायचं. खुर्ची करकरायची, पाय आपोआप हलायचा, आणि प्रत्येक पान संपलं की माझ्या तोंडून "हुश्श" निघायचं. ते सगळं आवाजाबरोबर भरलं जायचं. नाना एकदा म्हणाले, "पुस्तक ऐकणाऱ्याला वाटेल, बाई जिना चढता चढता वाचतायत." पण पुन्हा वाच असं ते म्हणाले नाहीत, कारण वाचणारे कमी आणि पुस्तकं ढीगभर.

तिथेच ऑपरेटरबाई भेटल्या. शेचाळीस वर्षांच्या, नवव्या वर्षी दृष्टी गेलेली. एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बावीस वर्षं बसलेल्या. रुग्णालयातले चारशे बारा अंतर्गत नंबर त्यांना तोंडपाठ. मी उलटतपासणी घ्यायचे. "तळमजल्यावरची क्ष-किरण खोली?" "दोनशे सात. पण तिथला माणूस उचलत नाही, शेजारच्या दोनशे आठला लाव आणि त्याला हाक मारायला सांग." गर्वाने नाक वर करून सांगायच्या. त्या नाकावर माशी बसायची टाप नव्हती.

आता तो बोर्ड निघणार होता. फोन आपोआप जोडणारं यंत्र येणार होतं. विभागाची चार पेपरांची परीक्षा जी पास होईल तिला नोंदणी कक्षात जागा, नाहीतर मुदतीआधी निवृत्ती. संधी तीनच. बाई दोनदा नापास झाल्या होत्या, कारण दोन्ही वेळा पुस्तक ऐकायला मिळालंच नव्हतं, कुणी फावल्या वेळात दोन पानं वाचून दाखवील तेवढंच. ही तिसरी आणि शेवटची. त्या धाकट्या बहिणीच्या घरी राहायच्या. एकदा म्हणाल्या, "नापास झाले ना, तर तिच्या हॉलच्या कोपऱ्यात रेडिओसारखी बसेन. कुणाला वाटलं तर लावतील." हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही.

म्हणून नियमांचं ते जाडजूड पुस्तक मी वाचून भरलं. सव्वादोन महिने. बाई रोज ऐकायच्या, मंगळवारी आणि शुक्रवारी नऊला संस्थेत येऊन मला पाठ म्हणून दाखवायच्या. मला पाच मिनिटं उशीर झाला की म्हणायच्या, "आली का वावटळ? बस. तू खुर्चीवर बसतेस की खुर्ची तुझ्यावर, मला आवाजावरून कळत नाही." शंभर तास केव्हाच भरले होते. प्रमाणपत्र टेबलाच्या खणात पडून होतं आणि मी ते घेत नव्हते. घेतलं असतं तर यायला निमित्त उरलं नसतं. कुणीतरी नऊ वाजता माझी वाट बघतं, ही गोष्ट माझ्या आयुष्यात नवीन होती, आणि ती मला फार आवडली होती. सरळच सांगते.

बाईंची लेखनिकही मीच झाले. माझा फोटो, सही, अर्ज, सगळं महिनाभर आधी देऊन परवानगी आली.

पहिले दोन पेपर छान गेले. लेखनिकवाल्यांना वेगळी खोली देतात, कारण उत्तर मोठ्याने सांगायचं असतं. आम्हाला एका शाळेतली नकाशांची खोली मिळाली होती. एक टेबल, गुंडाळलेले नकाशे, आणि आमच्यावर लक्ष ठेवायला एक पर्यवेक्षक, जे पेपर वाचत बसायचे किंवा बाहेर व्हरांड्यात जाऊन कुणावर तरी खेकसायचे. बाई सलग, न अडखळता सांगायच्या. उत्तर संपलं की म्हणायच्या, "वाच." मी वाचून दाखवायचे. मग म्हणायच्या, "चल पुढे."

तिसऱ्या पेपरात सातवा प्रश्न होता: रुग्णाच्या मौल्यवान वस्तू जमा करून घेण्याची पद्धत लिहा. दहा गुण.

बाई म्हणाल्या, "लिही. रुग्णाच्या अंगावरील वस्तूंची यादी दोन साक्षीदारांसमोर करावी व त्यानंतर मूळ कागदांसह चोवीस तासांच्या आत नातेवाइकांच्या स्वाधीन कराव्यात."

माझं पेन थांबलं. वस्तू नातेवाइकांना? लहानपणापासून मी आईची बडबड ऐकत आलेय. बेशुद्ध बाईच्या बांगड्या जावेने मागितल्या, मुलाने मागितल्या, आणि आईने दिल्या नाहीत म्हणून वॉर्डात केवढं महाभारत झालं. यादी, सीलबंद पाकीट, तिजोरी, पावतीचा नंबर केसपेपरवर. रुग्णाने स्वतः लिहून दिल्याशिवाय सख्ख्या भावालाही काही द्यायचं नाही. बाईंनी नेमकं उलटं सांगितलं होतं. आणि कागद कुठून आले त्यात?

आणि तेव्हाच मला ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं. "व त्यानंतर मूळ कागदांसह." हे मी वाचलं होतं. त्या दिवशी खाली मैत्रिणी थांबल्या होत्या, त्यातली एक सारखी सायकलची घंटा वाजवत होती. पान उलटताना ते जाड लागलं होतं. वाक्य विचित्र वाटलं होतं, पण जोडलं गेलं होतं. मागे वळून बघायला चार सेकंद लागले असते.

दोन पानं चिकटली होती. बाईंनी चूक सांगितली नव्हती. त्यांनी सांगितलं होतं ते मीच वाचलेलं.

मी मान खाली घातली आणि बरोबर ते लिहिलं. सील, तिजोरी, पावती, सगळं. पेन पळत होतं. मला वाटलं, मी बिघडवलं, मीच निस्तरलं, फिटलं. कुणाचं काय गेलं?

"वाच," बाई म्हणाल्या.

हे माझ्या लक्षातच नव्हतं! समोर कागदावर एक, आणि मला म्हणायचं दुसरं. मी कागदाकडे बघत बघत त्यांचं वाक्य म्हटलं. "यादी दोन साक्षीदारांसमोर करावी व त्यानंतर मूळ कागदांसह..." आवाज अगदी सरळ निघाला. बाई कान देऊन ऐकत होत्या, बोटं टेबलावर ठेवून. "चल पुढे," म्हणाल्या.

आयुष्यात मी खूप थापा मारल्या आहेत. पण ह्या बाईला फसवायला मला काहीच करावं लागलं नव्हतं, नुसतं तोंड उघडावं लागलं होतं. आठवा, नववा, दहावा प्रश्न मी लिहिला. पाय इतका हलत होता की टेबल हलायला लागलं. शेवटची पंधरा मिनिटं उरली. पर्यवेक्षक व्हरांड्यात गेले आणि मी बोलून टाकलं.

"बाई, सातव्यात मी तुमचं नाही लिहिलं. तुमचं चुकलं होतं. मी बरोबर लिहिलं."

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "पण तू तर मला वाचून दाखवलंस."

"तोंडाने तुमचं वाचलं."

मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते. त्या ओरडल्या नाहीत. पर्यवेक्षक आत आले तशा मोठ्याने म्हणाल्या, "सातवं उत्तर पूर्ण खोड. मी परत सांगते." आणि तेच सगळं, शब्दन्‌शब्द, परत सांगितलं.

"पण ते चूक आहे," मी कुजबुजले.

"असेल. माझं आहे."

माझं होतं ते. पण हे मी सांगितलं नाही. तोंडापर्यंत आलं आणि गिळलं. अर्धी कबुली देऊन मी गुणी मुलगी झाले होते, पुरी दिली असती तर कोण झाले असते? बाहेर पडताना बाईंनी माझा हात धरला नाही. फाटकापर्यंत काठी टेकत एकट्या गेल्या.

पुढचे दोन दिवस मी घरात इकडून तिकडे फिरत होते. आईने विचारलं, "काय झालंय? बुडाखाली मुंग्या लागल्यासारखी काय करतेस?" मी म्हटलं, काही नाही. चौथा पेपर सोमवारी होता. शनिवारी सकाळी मी संस्थेत गेले, आतल्या खोलीत बसले, माइक चालू न करता. बाहेर बाईंचा आवाज आला. त्या नानांशी बोलत होत्या.

"मी सोमवारी जात नाही."

"का हो?"

"त्या दिवशी पोरीने माझं उत्तर बदललं. भाबडी आहे, माझी चूक झाकायला गेली. तिला बोलू नका तुम्ही. पण मी वॉर्डात फोन करून विचारलं नाना, तिनेच बरोबर लिहिलं होतं. आणि मला मात्र ते चुकीचंच आठवतंय. अगदी पक्कं, खणखणीत आठवतंय. म्हणजे माझ्या डोक्यात न ऐकलेलं तयार व्हायला लागलंय. काल बोर्डावर एक फोन आला, शस्त्रक्रिया विभाग मागितला. तीनशे एक. बावीस वर्षं लावतेय. आणि काल मी शेजारणीला विचारलं, तीनशे एकच ना गं? माझ्याकडे दुसरं आहेच काय हो? डोकंच होतं. तेही गेलं."

रजया आवाज बाहेर जाऊ देत नाहीत म्हणतात. आत येताना मात्र बरोबर येतो.

मी फळीवरून ते पुस्तक काढलं. एकशे तेरा. पान उलटलं, एकशे सोळा. मधली दोन पानं कडेला कापायचीच राहिली होती, नखाने उघडली तर सुटली. एकशे चौदाच्या पहिल्याच ओळीत सीलबंद पाकीट होतं.

आता खरं ते सांगते. मी लगेच बाहेर गेले नाही. मी मागच्या जिन्याने खाली उतरले, रस्ता ओलांडला, दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले. मनात म्हटलं, सोडावं हेही. किती सोडलं, त्यात आणखी एक. कुणी शोधायला येणार नव्हतं. औषधाच्या दुकानासमोर मी इतकी उभी राहिले की दुकानदाराने विचारलं, "काय हवंय ताई?" काय हवंय! मी तशीच वळले आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले.

"बाई, तुमचं डोकं शाबूत आहे. ती चूक माझी आहे. मी दोन पानं वाचलीच नाहीत."

नाना उठून उभे राहिले. बाई नाही. म्हणाल्या, "लाव."

मी आवाज लावला. माझाच आवाज, घाईतला, खुर्चीची करकर, लांबून सायकलची घंटा. "...दोन साक्षीदारांसमोर करावी व त्यानंतर", पानाची फडफड, हुश्श, "मूळ कागदांसह चोवीस तासांच्या आत..."

"परत लाव."

परत लावला.

"परत."

तिसऱ्यांदा ऐकताना त्या बरोबरीने बोलायला लागल्या. घंटेच्या जागी क्षणभर थांबल्यासुद्धा. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ होतं. ऐकून झालं तेव्हा त्यांनी असा श्वास सोडला की मला वाटलं, सगळं मिटलं. मी हसले. आणि त्यांनी हातातली काठी टेबलावर हाणली. थर्मास आडवा झाला.

"दोन दिवस! दोन दिवस मी स्वतःला कामातून गेलेली समजतेय! आणि तुला माहीत होतं?"

"हो."

"तिथे बसल्या बसल्या माहीत होतं?"

"हो."

"आणि मी तुला भाबडी म्हणत हिंडतेय. भाबडी!"

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नकोस, त्याचा मला उपयोग नाही." नाना सांडलेला चहा पुसत होते. मी त्यांना म्हटलं, "यादीतून माझं नाव काढा. मी नाही येत उद्यापासून."

नानांनी फडकं पिळलं. "काढायचं का ते नंतर बघू. हे पुस्तक आणखी अकरा जणांकडे गेलंय, पुढच्या परीक्षेसाठी. त्यांना आधी फोन कर. काय झालं ते सांग आणि ऐकणं थांबवा म्हणून सांग. तू वाचलंयस, तूच सांगायचं. मग खुशाल जा."

"आणि सोमवारी?" मी विचारलं.

"सोमवारी कोण बसणार आता?" बाई तडकल्या. "तुझा फोटो लावलाय त्या अर्जावर. दोन दिवसांत दुसरी लेखनिक मला कोण मंजूर करून देतंय? तूच यायचंस. अडला हरी, दुसरं काय."

ही म्हण पुढे कशी जाते ते मला माहीत आहे. त्यांनी मेहेरबानी करून अर्ध्यावर सोडली.

मी फोन करायला बसले. पहिल्याला सांगताना तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. चौथ्या फोनवर एक गृहस्थ होते, कुठल्याशा रुग्णालयात व्यायाम विभागात मालिश करणारे. मी नाव सांगायच्या आतच म्हणाले, "अहो, तुम्ही हुश्शवाल्या ताई ना?"

"काय?"

"आवाज ओळखला. पान संपलं की हुश्श करता. आमच्याकडे आता घरभर चाललंय ते. बायको भांडी घासून झाली की हुश्श. पोरगा अभ्यास न करताच हुश्श." मग मी चूक सांगितली. "असं होय. मग ती दोन पानं पाठवा लवकर. आणि बाकीचं पुस्तक?"

"सगळंच परत तपासायला हवं."

"तपासा. पण तुम्हीच वाचा हं. आता नवीन आवाज नको, सवय झालीय."

एक मुलगी चांगलीच बोलली मला. एकजण म्हणाला, एकशे सोळापर्यंत मी पोचलोच नाही, मी आळशी आहे, वाचलो. अकराच्या अकरा जणांनी आवाज ओळखला. मी ज्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या घरांत मी दोन महिने जिने चढत होते. मला लाज वाटत होती, आणि त्याच वेळी आतून काहीतरी गरम गरम वाटत होतं. दोन्ही एकदम वाटतं हे मला माहीत नव्हतं.

रविवारी मी बाईंच्या रुग्णालयाच्या बोर्डावर फोन केला, नुसता बघायला. "तीनशे एक द्या," म्हटलं. "कशाला हवाय तुला तीनशे एक? शस्त्रक्रिया करून घ्यायचीय? तुझ्या जिभेची करतील," पलीकडून उत्तर आलं आणि फोन ठेवला गेला. कुणाला विचारलं नव्हतं त्यांनी. मी कालपासून पहिल्यांदा स्वस्थ बसले.

सोमवारी नकाशांच्या खोलीत बाई माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. प्रत्येक उत्तराला "वाच". वाचून झालं की मध्येच, "मागच्या पानावरची शेवटून तिसरी ओळ वाच." मी वाचायचे. "आता पहिल्या प्रश्नाची दुसरी ओळ." पोलिसासारख्या. वाचून वाचून घसा कोरडा पडला. वेळ जात होता, पण मी ब्र काढला नाही.

पाचवा प्रश्न पत्राचा होता. एका रुग्णाची तक्रार चौदा तारखेला आली आहे, तिला कार्यालयाकडून उत्तर लिहा. बाईंनी मायना सांगितला, वर दिनांक सांगितला, बारा. मग सुरुवात केली, "आपली दिनांक चौदाची तक्रार मिळाली."

तक्रार चौदाची आणि उत्तर बाराचं. ही कुठल्याही पुस्तकातली, कुठल्याही पानाची चूक नव्हती. माझ्या आवाजाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. बाई बोलत होत्या, मी लिहीत होते. बारा. मी बारा लिहिलं. पेन त्या आकड्यावरून पुढे सरकेना. एक साधी खाकरणी पुरली असती. नुसती खुर्ची करकरली असती तरी त्यांना कळलं असतं, त्या माझ्या खुर्चीची भाषा ओळखायच्या. मी दोन्ही पाय जमिनीला दाबून धरले. नऊ गुणांचं पत्र. शेवटची संधी. कोपऱ्यातला रेडिओ. मी पत्र पुरं केलं.

"वाच."

मी वाचलं. जसं होतं तसं, कुठेही जोर न देता, आवाज वर नाही, खाली नाही. "दिनांक बारा." मग मायना. मग, "आपली दिनांक चौदाची तक्रार मिळाली." आणि पुढे वाचत राहिले, तिसरी ओळ, चौथी ओळ. बाईंची बोटं टेबलावर होती. पाचवी ओळ. सहावी.

"थांब," बाई म्हणाल्या. "वरची तारीख?"

"बारा."

"आणि तक्रार?"

"चौदा."

मग बाई इतक्या मोठ्याने हसल्या की पर्यवेक्षकांच्या हातातला पेपर खाली आला. "तक्रार यायच्या आधीच उत्तर! असलं चपळ ऑफिस जगात कुठे असतं का गं?"

"बाई, शांतता," पर्यवेक्षक म्हणाले.

"बारा खोड. सोळा कर."

मी खोडलं. सोळा केलं. बाई अजून मान हलवून हसत होत्या. त्या परीक्षेच्या खोलीत शेवटच्या संधीला बसलेली बाई स्वतःची चूक सापडल्यावर इतकी खूश का झाली, हे त्या पर्यवेक्षकांना कधीच कळणार नाही.

त्या पास झाल्या. निकालाला दोन महिने लागले, पण ताटकळत ठेवणं मला जमत नाही म्हणून आत्ताच सांगून टाकते. तिसऱ्या पेपरात अगदी काठावर, दोन गुणांनी. सातव्या प्रश्नाला शून्य होतं. मी ते पुस्तक पहिल्या पानापासून परत वाचायला घेतलं होतं, तेव्हा दोनशे चाळीसवर होते. प्रमाणपत्र नानांनी कधीतरी माझ्या पिशवीत टाकलं, ते आईने आवरताना कुठेतरी ठेवलं. कुठे ते मी विचारलं नाही.

पण त्या सोमवारी, पेपर संपल्यावर, आम्ही फाटकाकडे निघालो होतो. मी त्यांच्या एक पाऊल मागून चालत होते. मध्येच त्या थांबल्या.

"तारीख चुकलीय हे तुला लिहितानाच कळलं होतं?"

"हो."

"मग गप्प कशी राहिलीस?"

"मरत होते बाई."

त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने माझं कोपर चाचपून घट्ट धरलं.

"अशीच मरत जा," म्हणाल्या. "दर वेळी."